घटक ६ : सरकारी अभियोक्त्याचा विवेकाधिकार – दोषारोप, कबुली-सौदा आणि शिक्षा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :

• विवेकाधिकार ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• दोषारोप, कबुली-सौदा व शिक्षा या तीन टप्प्यांवर सरकारी अभियोक्त्याचा प्रभाव कसा पडतो, हे सांगता येईल.
• 'बॉर्डनकर्चर विरुद्ध हेज' या खटल्यातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडता येतील.
• अमेरिकन व भारतीय व्यवस्थांतील प्रमुख फरक विशद करता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, फौजदारी खटला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर न्यायासनावर बसलेले न्यायाधीश, साक्षीदाराचा पिंजरा आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचा युक्तिवाद असे चित्र उभे राहते. अपराध सिद्ध झाला की नाही आणि झाला असल्यास शिक्षा किती, हे न्यायालय ठरविते, असे आपण गृहीत धरतो. मागील घटकात आपण न्यायालयांची रचना व अधिकार अभ्यासले, तेव्हाही हेच गृहीत आपल्या मनात होते.

प्रस्तुत घटकात हे गृहीत आपण तपासून पाहणार आहोत. त्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण घेतले आहे. कारण तेथे सरकारी अभियोक्त्याचा अधिकार सर्वाधिक विस्तारलेला आढळतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली 'मिसूरी विरुद्ध फ्राय' या खटल्यात नमूद केल्याप्रमाणे संघीय न्यायालयांतील सुमारे ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील सुमारे ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने स्वतः दिलेल्या कबुलीवर आधारलेल्या असतात. म्हणजेच शंभरांतील नव्वदांहून अधिक प्रकरणांत साक्षीपुरावा होतच नाही. मग या प्रकरणांत निर्णय नेमका कोण घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या घटकाचा गाभा आहे.

६.२ विषय-विवेचन

कायद्याने एखाद्या अधिकाऱ्याला दोन किंवा अधिक वैध पर्यायांमधून स्वतःच्या निर्णयशक्तीने एक पर्याय निवडण्याची मुभा दिली असेल, तर त्या मुभेला 'विवेकाधिकार' म्हणतात. विवेकाधिकार म्हणजे मनमानी नव्हे. प्रत्येक कायदा सर्वसाधारण शब्दांत लिहिलेला असतो आणि प्रत्येक प्रकरण मात्र वेगळे असते; या दोहोंतील अंतर कोणाला तरी भरून काढावेच लागते. त्यामुळे विवेकाधिकार असावा की नसावा, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तो कोणाच्या हाती आहे, त्याची कारणे नोंदवावी लागतात काय आणि त्यावर कोणाची नजर आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. पुढील विवेचन वाचताना हे तीन प्रश्न आपण सतत मनाशी ठेवावेत.

६.२.१ दोषारोप ठरविण्याचा अधिकार

अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये स्थानिक सरकारी अभियोक्ता मतदारांकडून निवडला जातो. संघीय अभियोक्त्याची नेमणूक मात्र राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. पोलिसांनी तपास करून प्रकरण समोर ठेवल्यावर अभियोक्त्याला पुढील निर्णय घ्यावे लागतात : खटला भरावा की नाही, भरल्यास कोणत्या कलमाखाली, किती दोषारोप ठेवावेत, आणि शिक्षा वाढविणारी तरतूद लागू करण्याची मागणी करावी की नाही.

एकच कृत्य अनेकदा एकाहून अधिक कलमांत बसते. भांडणात एकाने दुसऱ्यावर चाकू उगारून जखम केली, तर ती साधी मारहाण ठरू शकते, घातक शस्त्राने केलेला हल्ला ठरू शकते किंवा खुनाचा प्रयत्नही ठरू शकते. या तिन्हींच्या शिक्षेत वर्षांचे अंतर असते. कोणते नाव द्यायचे, हे प्रथम अभियोक्ता ठरवितो.

येथे पुराव्याच्या दोन कसोट्यांमधील फरक लक्षात घ्या. दोषसिद्धीसाठी अपराध वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दोषारोप ठेवण्यासाठी मात्र आरोपीने अपराध केला असावा असे मानण्यास सकारण आधार असला, की पुरेसे असते. या दोन कसोट्यांमध्ये मोठी मोकळी जागा आहे आणि त्याच जागेत अभियोक्त्याचा विवेकाधिकार वावरतो.

६.२.२ कबुली-सौदा

आरोपीने गुन्हा कबूल करावा आणि त्या बदल्यात अभियोक्त्याने काही दोषारोप वगळावेत, सौम्य दोषारोप ठेवावा किंवा कमी शिक्षेची शिफारस करावी, अशा तडजोडीस 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. या घटकात तिला आपण 'कबुली-सौदा' म्हणू. 'ब्रेडी विरुद्ध युनायटेड स्टेट्स' (१९७०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेशी सुसंगत मानली. 'सँटोबेल्लो विरुद्ध न्यूयॉर्क' (१९७१) मध्ये अभियोक्त्याने दिलेले वचन पाळलेच पाहिजे, असे ठरविले.

या पद्धतीचे समर्थन निराधार नाही. तिच्यामुळे खटले लवकर निकाली निघतात. पीडित व्यक्तीला भर न्यायालयात दुःखद प्रसंग पुन्हा सांगावा लागत नाही. आणि आरोपीलाही शिक्षेची निश्चिती मिळते. प्रत्येक प्रकरणाची पूर्ण सुनावणी करायची ठरविली, तर न्यायालयांचे आजचे मनुष्यबळ पुरणार नाही, हेही खरे आहे.

परंतु सवलतीची दुसरी बाजू पाहा. कबुली दिल्यास पाच वर्षे आणि सुनावणी मागितल्यास वीस वर्षे, असा प्रस्ताव असेल, तर पंधरा वर्षांचा फरक ही कबुलीची सवलत म्हणायची की सुनावणी मागितल्याची शिक्षा? जामिनाअभावी तुरुंगात असलेला आणि साक्षीदारांवर भरवसा नसलेला निरपराध माणूसही अशा वेळी कबुलीचा मार्ग पत्करू शकतो. हा केवळ तर्काचा प्रश्न नाही, हे पुढील खटल्यावरून ध्यानात येईल.

६.२.३ एक खटला : बॉर्डनकर्चर विरुद्ध हेज (१९७८)

केंटकी राज्यातील फेएट काउंटीत पॉल लुईस हेज याच्यावर ८८.३० डॉलरचा बनावट धनादेश वापरल्याचा आरोप होता. या अपराधास दोन ते दहा वर्षे कारावासाची तरतूद होती. हेज, त्याचा वकील आणि सरकारी अभियोक्ता यांची बैठक झाली. हेजने गुन्हा कबूल केल्यास पाच वर्षांच्या शिक्षेची शिफारस करू, असे अभियोक्त्याने सांगितले. त्याचबरोबर, कबुली देऊन न्यायालयाचा सुनावणीचा त्रास वाचविला नाही, तर राज्याच्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्याखाली नवे दोषारोपपत्र मिळवू, असेही बजावले. हेजला यापूर्वी दोन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले होते. त्यामुळे हा कायदा लागू झाल्यास जन्मठेप अनिवार्य होती.

हेजने कबुली नाकारली. अभियोक्त्याने सांगितल्याप्रमाणे केले. ज्यूरीने हेजला धनादेशाच्या प्रकरणात दोषी ठरविले, पूर्वीच्या दोन दोषसिद्धीही मान्य केल्या आणि हेजला जन्मठेप झाली. पाच वर्षांचा प्रस्ताव आणि जन्मठेप यांच्या मध्ये कोणताही नवा अपराध घडला नव्हता. नवा पुरावाही सापडला नव्हता. हेजचा पूर्वेतिहास अभियोक्त्याला सुरुवातीपासून ठाऊक होता. मधल्या काळात हेजने एकच गोष्ट केली होती : घटनेने दिलेला सुनावणीचा हक्क मागितला होता.

पुढे हेजने संघीय न्यायालयांत दाद मागितली. बॉर्डनकर्चर हे कारागृहाचे अधीक्षक होते. बंदिवासाच्या वैधतेला आव्हान देताना बंदी ज्याच्या ताब्यात असतो त्या अधिकाऱ्याला प्रतिवादी केले जाते, म्हणून त्यांचे नाव या खटल्याला चिकटले. संघीय अपील न्यायालयाने हेजच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो फिरविला.

बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी मांडलेला युक्तिवाद असा : हक्क बजावल्याबद्दल सूड म्हणून शिक्षा वाढविणे घटनाबाह्यच आहे, परंतु वाटाघाटीत आरोपी प्रस्ताव स्वीकारण्यास वा नाकारण्यास मोकळा असतो, म्हणून तेथे सूडाचे तत्त्व लागू होत नाही. सराईत गुन्हेगाराचा दोषारोप हेजवर सुरुवातीलाच ठेवता आला असता आणि मग तो वगळण्याची तयारी दाखविता आली असती. तसे करणे वैध असेल, तर आधी सौम्य दोषारोप ठेवून पुढील परिणामांची उघड कल्पना देणे अवैध कसे? अशा स्पष्टवक्तेपणावर बंदी घातली, तर सौदे थांबणार नाहीत. ते पुन्हा अंधारात जातील.

अल्पमतातील न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांना हा प्रकार सूडबुद्धीचाच वाटला. त्यांच्या मताचा एक मुद्दा विशेष विचारार्ह आहे. अभियोक्त्यांना आरंभीच कठोर दोषारोप ठेवावे लागले, तर निदान ते जनतेला दिसतील आणि हे धोरण न्याय्य आहे की नाही, याचा विचार लोकप्रतिनिधींना करता येईल. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी वेगळे मतपत्र लिहिले. दोन ते दहा वर्षांचा दोषारोप अभियोक्त्याला आरंभी पुरेसा वाटला होता. नव्या दोषारोपामागे हेजला सुनावणीपासून परावृत्त करणे एवढाच हेतू होता आणि तो अभियोक्त्याने लपविलाही नव्हता. म्हणून हा दोषारोप मान्य करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत एक साम्य आहे, ते आपल्या लक्षात आले काय? सौदे अंधारात जाऊ नयेत, ही चिंता बहुमताला होती. दोषारोपाचे धोरण लोकांना दिसावे, ही चिंता ब्लॅकमन यांनाही होती. उघडपणा हवा, यावर मतभेद नव्हता. तो कोणत्या मार्गाने साधेल, यावर होता.

या खटल्याची आणखी एक बाजू नोंदविण्याजोगी आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचेतो केंटकीने तो सराईत गुन्हेगारविषयक कायदा बदलला होता. नव्या तरतुदीखाली हेजला फार तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा झाली असती आणि त्याच्या पूर्वीच्या दोन दोषसिद्धींपैकी किमान एक तर शिक्षा वाढविण्यासाठी विचारातच घेता आली नसती. कायदेमंडळाने चूक सुधारली. परंतु हेजची जन्मठेप जुन्या कायद्याखालीच कायम राहिली.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – १*

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. विवेकाधिकार म्हणजे काय?
२. हेजवरील मूळ दोषारोपास किती शिक्षेची तरतूद होती?
ब) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. दोषारोप ठेवण्यासाठी अपराध वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो.
२. हेज खटल्याचा निर्णय एकमताने झाला.

६.२.४ शिक्षेवरील अप्रत्यक्ष नियंत्रण

शिक्षा न्यायाधीश देतात, हे औपचारिकदृष्ट्या खरे आहे. परंतु कायद्याने एखाद्या दोषारोपास अनिवार्य किमान शिक्षा जोडली असेल, तर न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही. अशा वेळी दोषारोप निवडणे म्हणजेच शिक्षा निवडणे होय. हेजच्या खटल्यात हेच घडले. न्यायाधीशाला जन्मठेपेखेरीज पर्याय नव्हता. पर्याय होता तो अभियोक्त्याला, आणि तो खटल्यापूर्वीच वापरला गेला होता.

संघीय पातळीवरील उदाहरण पाहू. १९८६ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विक्रीच्या हेतूने बाळगलेल्या ५ ग्रॅम 'क्रॅक' कोकेनला किमान पाच वर्षे कारावास होता; कोकेनच्या भुकटीबाबत तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅमची मर्यादा होती. क्रॅकची मर्यादा २०१० मध्ये २८ ग्रॅमपर्यंत वाढविण्यात आली. २०१३ मध्ये तत्कालीन महाअधिवक्ता एरिक होल्डर यांनी संघीय अभियोक्त्यांना सूचना दिली, की हिंसाचाराशी संबंध नसलेल्या काही किरकोळ आरोपींच्या दोषारोपपत्रात किमान शिक्षा लागू करणारे प्रमाण नमूद करू नये. २०१७ मध्ये त्यांच्या पदावर आलेल्या जेफ सेशन्स यांनी ही सूचना रद्द करून, सिद्ध करता येईल असा सर्वांत गंभीर दोषारोप ठेवण्याचे धोरण आणले. या दोन सूचनांच्या दरम्यान किमान शिक्षेची ती तरतूद बदलली नव्हती. तरीही तेच कृत्य करणाऱ्या दोन व्यक्तींच्या वाट्याला, त्या कोणत्या वर्षी पकडल्या गेल्या यावर अवलंबून, भिन्न शिक्षा येऊ शकत होत्या.

तिसरा मार्ग सहकार्याचा. आरोपीने इतरांविरुद्धच्या तपासात भरीव मदत केली असेल, तर संघीय न्यायालय किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकते. मात्र त्यासाठी साधारणतः सरकार पक्षाचा अर्ज लागतो. दाराला कुलूप न्यायालयाचे असले, तरी किल्ली अभियोक्त्याकडे राहते.

६.२.५ विवेकाधिकाराच्या मर्यादा

हा अधिकार अमर्याद नाही. वंश, धर्म यांसारख्या निकषांवर आरोपीची निवड करणे घटनाबाह्य आहे. 'ब्रेडी विरुद्ध मेरीलँड' (१९६३) नुसार आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा दडविता येत नाही. कबुली स्वेच्छेने व परिणाम समजून दिली आहे, याची खात्री न्यायाधीशाला करून घ्यावी लागते. वाटाघाटीच्या टप्प्यावरही आरोपीला सक्षम वकिलाचे साहाय्य मिळाले पाहिजे, असे २०१२ च्या निर्णयांनी स्पष्ट केले.

व्यवहारात मात्र या मर्यादा दुबळ्या ठरतात. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध आर्मस्ट्राँग' (१९९६) मध्ये न्यायालयाने म्हटले, की वांशिक भेदभावाचा दावा करणाऱ्या आरोपीने सरकारी कागदपत्रे मागण्यापूर्वी, त्याच परिस्थितीतील अन्य वंशाच्या व्यक्तींवर खटले भरले गेले नाहीत, असे दर्शविणारा काही पुरावा द्यावा. पण खटला न भरण्याच्या निर्णयांच्या नोंदी तर अभियोक्त्याच्याच कपाटात असतात. न्यायाधीशाच्या निर्णयाला कारणे असतात, त्यावर अपील होते. खटला न भरण्याच्या किंवा सौम्य दोषारोप ठेवण्याच्या निर्णयाला सहसा यांपैकी काहीच नसते.

६.२.६ भारतीय व्यवस्थेशी तुलना

भारतात हा अधिकार एका हाती एकवटलेला नाही. तपासानंतरचे आरोपपत्र पोलीस दाखल करतात आणि दोषारोप निश्चित करण्याचे काम न्यायालय करते. सरकारी अभियोक्त्याचा ठळक विवेकाधिकार दिसतो तो खटला मागे घेण्याच्या बाबतीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मधील ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. त्यासाठी न्यायालयाची संमती आवश्यक असते आणि नव्या संहितेनुसार पीडित व्यक्तीला बाजू मांडण्याची संधी दिल्याविना ती संमती देता येत नाही. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये झालेल्या मोडतोडीचा खटला मागे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला. खटला मागे घेण्यावर न्यायालयाचे नियंत्रण असते, हे त्यावरून दिसते.

कबुली-सौद्याकडे भारतीय न्यायालयांनी दीर्घकाळ संशयाने पाहिले. महाराष्ट्रातील अन्नभेसळीच्या एका प्रकरणात, 'मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७६) या खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीवर कडक टीका केली होती. गुन्हेगार आणि यंत्रणा यांच्यातील सौद्यात समाजाचे हित हरवते, असा त्या टीकेचा रोख होता. पुढे २००५ च्या दुरुस्तीने ही पद्धत कायद्यात आली आणि जुलै २००६ पासून अमलात आली.

भारतीय तरतुदीत काही बंधने आहेत. देहदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक कारावासाचे अपराध तिच्या कक्षेबाहेर आहेत. स्त्रियांविरुद्धचे व बालकांविरुद्धचे अपराध, तसेच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे अपराध वगळले आहेत. अर्ज आरोपीने करायचा असतो. अर्ज स्वेच्छेने केला आहे काय, हे न्यायालय आरोपीला एकट्याने तपासून ठरविते. वाटाघाटीत पीडित व्यक्तीचाही सहभाग असतो. विशेष म्हणजे, सवलतीचे प्रमाण कायद्यातच नमूद आहे : किमान शिक्षा विहित असल्यास तिच्या निम्मी, अन्यथा अपराधासाठी विहित शिक्षेच्या एक-चतुर्थांश, आणि प्रथम अपराध्यासाठी अनुक्रमे एक-चतुर्थांश व एक-षष्ठांश. त्यामुळे पाच वर्षे आणि जन्मठेप यांच्यामध्ये आरोपीला उभे करण्यास येथे वाव राहत नाही.

म्हणून आपली व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. येथे विवेकाधिकार पोलीस ठाण्यात, प्रथम माहिती अहवालात कोणती कलमे लावायची या निर्णयात, आधीच वापरला गेलेला असतो. अमेरिकेत अभियोक्त्याबाबत जे प्रश्न आपण विचारले, ते भारतात तपास अधिकाऱ्याबाबतही विचारले पाहिजेत.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – २*

रिकाम्या जागा भरा.
१. अनिवार्य किमान शिक्षा असल्यास ........ निवडणे म्हणजेच शिक्षा निवडणे होय.
२. खटला मागे घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ........ मध्ये आहे.
३. भारतात कबुली-सौद्याची तरतूद ........ साली अमलात आली.

६.३ सारांश

सरकारी अभियोक्त्याला दोषारोप ठरविणे, कबुली-सौदा करणे आणि शिक्षेवर अप्रत्यक्ष प्रभाव टाकणे असा तीन पातळ्यांवरील विवेकाधिकार असतो. हे तीन अधिकार वेगवेगळे पाहिले तर प्रत्येकाचे समर्थन करता येते. एका हाती आले की न्यायाधीशाचा निर्णय बहुतांशी औपचारिक उरतो. हेज खटल्यात ८८.३० डॉलरच्या धनादेशाची परिणती जन्मठेपेत झाली, ती यामुळेच. विवेकाधिकार नाहीसा करता येत नाही. परंतु त्याची कारणे नोंदविणे, सवलतीची मर्यादा कायद्याने ठरविणे आणि पीडित व न्यायालय यांना त्यात स्थान देणे, या मार्गांनी तो उत्तरदायी करता येतो.

६.४ पारिभाषिक शब्द

विवेकाधिकार : वैध पर्यायांतून निवड करण्याची कायदेशीर मुभा.
दोषारोप : आरोपीने केलेल्या अपराधाचे कायद्यातील कलमासह औपचारिक कथन.
कबुली-सौदा : सवलतीच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याविषयीची तडजोड.
अनिवार्य किमान शिक्षा : जिच्याखाली न्यायालयाला एरवी जाता येत नाही अशी विहित शिक्षा.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : अ) १. वैध पर्यायांमधून स्वतःच्या निर्णयशक्तीने एक पर्याय निवडण्याची मुभा म्हणजे विवेकाधिकार होय. २. दोन ते दहा वर्षे कारावासाची तरतूद होती. ब) १. अयोग्य २. अयोग्य
प्रश्न – २ : १. दोषारोप २. ३६० ३. २००६

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'दोषारोप निवडणे म्हणजेच शिक्षा निवडणे' हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. हेज खटल्यातील बहुमत व अल्पमत यांची तुलना करून आपले मत सकारण मांडा.
३. भारतीय व अमेरिकन कबुली-सौद्यातील फरक सांगा.

*क्षेत्रीय कार्य :* आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात एक दिवस उपस्थित राहून फौजदारी कामकाज पाहा. आरोपीला दोषारोप कोणत्या भाषेत व कशा प्रकारे समजावून सांगितला जातो, याचे निरीक्षण करा. विधी सेवा समितीच्या कार्यालयात कबुली-सौद्याविषयी माहिती विचारा आणि दोन पृष्ठांचे टिपण तयार करून अभ्यासकेंद्रावरील चर्चेत मांडा.